पहिल्या पावलाचा पगार

८ डिसेंबर, सोमवार

शिमोकावासाहेब येऊन गेले. येतात तेव्हा हात मागे बांधून दुकानभर हिंडतात आणि प्रत्येक मशीनसमोर जरा मान लववतात, जणू एकेकाची विचारपूस करतायत. आज सगळ्यांना भेटून झाल्यावर म्हणाले, "साउसान, काम चोख आहे. पण तुमचा इंजिनिअर कोण?"

मी म्हटलं, "मीच."

दुभाषी मुलीने ते जपानीत सांगितलं. साहेब हसले. मुलगी मला म्हणाली, "साहेब म्हणतात, विनोद छान होता."

विनोद नव्हता. मी सातवीपर्यंत शिकलो. लेथखालचा कीस झाडण्यापासून सुरुवात केली आणि आज बिएन होआत माझं स्वतःचं वर्कशॉप आहे. मोठ्या कारखान्यांना पार्ट घट्ट पकडून ठेवायला जे साचे लागतात, ते आम्ही बनवतो. रस्त्यापलीकडे बेअरिंग कुरकुरलं तरी कोणतं मशीन ते मी चहा पिता पिता सांगतो. पण साहेबांचं म्हणणं असं, की मार्च संपल्यावर प्रत्येक ड्रॉइंगच्या कोपऱ्यात पदवीधर इंजिनिअरचं नाव आणि सही हवी. त्यांच्या वरच्या लोकांचा नियम आहे. नसेल तर काम दुसऱ्याला.

ते काम म्हणजे माझ्या दुकानाचा अर्धा श्वास. ते गेलं तर नऊ माणसांतली चार घरी बसवावी लागतील. आणि ती चार कोणती, हे मलाच ठरवावं लागेल.

साहेब गेल्यावर माझा मुख्य टर्नर डाउ जवळ आला. "दादा, इंजिनिअर आणणार म्हणे?"

"आणावा लागेल."

"आणा. फक्त माझ्या मशीनला हात लावायचा नाही त्याने."

११ डिसेंबर, गुरुवार

घरी विषय काढला. आमची लुआ मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, पण पास होणार जुलैत. मार्चला तिचा उपयोग नाही. तरी म्हटलं, "पुढे तू बसशील ना दुकानात?"

"पगार देणार का खर्चाला पैसे देणार?"

"घरचंच दुकान आहे गं."

"म्हणजे खर्चाला पैसे," ती म्हणाली आणि भात वाढून घेतला.

मग तिने बाजारभाव सांगितला. कॉलेजमधून नुकता बाहेर पडलेला मेकॅनिकलवाला महिन्याला एक कोटी डोंग मागतो. तीन-चार वर्षं काम केलेला दीड कोटी. आणि चिप डिझाइनवाला म्हणेल तेवढे. ऐकायला राजाचा खजिना वाटतो, पण हल्ली सकाळचं नूडल सूपसुद्धा पन्नास हजारांना झालंय. माझी खरी अडचण वेगळीच आहे. डाउला मी एक कोटी साठ लाख देतो. बावीस वर्षं माझ्याकडे आहे. नवख्याला त्याच्या बरोबरीने दिले तर डाउ जातो. फार कमी दिले तर इंजिनिअर येत नाही.

"आणि मुलाखत कोण घेणार?" क्वेनने, म्हणजे बायकोने, विचारलं. "तुम्ही? काय विचारणार, वय आणि गाव?"

लुआ म्हणाली, "समोरच्या फातला बोलवा ना. त्याला कळतं."

पोरीला डोकं आहे. फात म्हणजे समोर भाताची गाडी लावणाऱ्या सोआनताईचा मुलगा. मोठ्या परदेशी कारखान्यात इंजिनिअर. पगार साडेतीन कोटी. हे मी कुठून ऐकलं असं विचारायचं कारण नाही. सोआनताई भाजलेल्या पोर्क चॉपबरोबर मुलाचा पगारही ताटात वाढते. लुआ मागच्या उन्हाळ्यात त्याच कारखान्यात शिकाऊ होती, म्हणून तिला तो थोडाफार माहीत आहे.

२० डिसेंबर, शनिवार

पहिल्या मुलाखती. फात इस्त्रीचा, कंपनीच्या नावाचा शर्ट घालून बसला. मी त्याच्या शेजारी. लुआ चहा आणायच्या निमित्ताने आली आणि जाईनाच.

पहिला मुलगा म्हणाला, "काका, एक कोटी वीस लाख. पण आधीच सांगतो, मी चिपची शिकवणी लावलीये. सहा महिन्यांनी जाणार."

"मग आत्ता येतोस कशाला?"

"शिकवणीची फी भरायला."

खरं बोलला, म्हणून त्याला दोन वेळा चहा पाजला.

दुसऱ्याने विचारलं, आठवड्यातले दोन दिवस घरून काम चालेल का. मी म्हटलं, "चालेल की. लेथ कोणत्या मजल्यावर चढवायचा ते सांग."

तिसरीची आई तिच्यासोबत आली होती. मुलीने एक शब्द उच्चारला नाही. आईने मात्र मला नफा, जेवणाची सोय, शौचालय आणि माझा रक्तदाब, सगळं विचारून घेतलं. त्या बाईलाच ठेवावं असं एक क्षण मनात आलं.

सगळे गेल्यावर मी फातला म्हटलं, "बघ बाबा, तुझ्यासारख्याच्या चहापाण्याएवढा पगार, तरी यांचे नखरे."

तो पेला हातात फिरवत बसला. मग म्हणाला, "काका, तुम्ही नक्की किती द्यायला तयार आहात?"

"एक कोटी चाळीस."

"दुपारचं जेवण धरून?"

मी खो खो हसलो. साडेतीन कोटीवाला माणूस दुपारच्या जेवणाची चौकशी करतो! मुलगा गमतीशीर आहे, एरवी गंभीर दिसतो. लुआ मात्र हसली नाही. इंजिनिअरांचा विनोद दुसऱ्या इंजिनिअरला कळत नसावा.

४ जानेवारी, रविवार

गेल्या रविवारी एक चव्वेचाळीस वर्षांचा गृहस्थ आला होता. मोठ्या कारखान्यात सतरा वर्षं काढलेला. लाइन दुसऱ्या प्रांतात गेली, आणि याला सोडून गेली. उत्तरं एकदम पक्की. फात विचारायचा आणि तो प्रश्न संपायच्या आत कागदावर आकृती काढून मोकळा. मी मनात म्हटलं, हाच. मग पगार विचारला.

"नव्वद लाख," तो म्हणाला.

झालं, माझं मन उडालं. बाजारात चांगला मासा कोणी अर्ध्या किमतीत देऊ लागला तर मी आधी वास घेतो. म्हटलं, कळवतो.

तो गेल्यावर फात पहिल्यांदाच माझ्याशी जरा तडकून बोलला. "काका, कमी मागणारा माणूस नासका नसतो. फार दिवस 'नाही' हा शब्द ऐकलेला असतो त्याने, एवढंच."

"तुला काय ठाऊक? तुझ्या मागे कारखाने लागतात."

"हो," तो म्हणाला. "मागेच लागतात."

आठवडाभर ते मनात राहिलं. आज सकाळी उठून त्या गृहस्थाला फोन केला, एक कोटी चाळीस सांगायला. त्याने आभार मानले. तो पलीकडच्या प्रांतात रुजू झाला होता, एक कोटी दहावर. माझ्या हुशारीची किंमत मला कळली. क्वेनला सांगितलं नाही.

१५ जानेवारी, गुरुवार

इथे एक गोष्ट लिहून ठेवतो. कोणाशी बोललो तर हसतील.

फात आता आठवड्यातून तीनदा दुकानात येतो. कामाच्या दिवशी, कामाच्या वेळी. परदेशी कंपन्या सुट्ट्यांच्या बाबतीत दिलदार असतात म्हणतात, पण इतक्या? आज तर बाह्या दुमडून डाउच्या मशीनपाशी उभा होता, हात कोपरापर्यंत तेलात. आणि डाउ, जो मला स्वतःला त्या मशीनला हात लावू देत नाही, तो त्याला चाक कसं फिरवायचं ते दाखवत होता!

मी नीट निरखलं. एसीत बसणाऱ्या माणसाचे हात आणि मान उन्हाने रापून विटेसारखे झालेत. साहेब लोक समुद्रावर जातात, तसं काहीतरी. स्कूटरला नेहमी दुसरं हेल्मेट अडकवलेलं. म्हणजे मागे बसणारी कोणीतरी आहे. ते त्याचं तो जाणे. खरी भीती वेगळी आहे: हा मुलगा माझं दुकान शिकून घेतोय. स्वतःचं काढणार. साडेतीन कोटीवाल्याकडे भांडवल असणारच. डाउला फोडेल, शिमोकावासाहेबांना भेटेल, आणि मी सातवी पास माणूस पुन्हा कीस झाडायला मोकळा.

जेवताना हे बोललोच शेवटी. क्वेन म्हणाली, "तो दुकानात दुकानासाठी येतो असं तुम्हाला वाटतं?"

"मग कशासाठी?"

तिने कालवणात मिरची चुरडली. "माशाचे काटे सांभाळा," म्हणाली.

२८ जानेवारी, बुधवार

एकाने होकार दिला होता. सोमवारी येणार होता. आज निरोप आला, "काका, माफ करा, नवीन वर्षाचा बोनस हातात पडेपर्यंत हलता येत नाही. आणि बोनस पडला तर कदाचित हलावंसं वाटणार नाही."

बरोबर आहे त्याचं. आमचं चांद्र नवीन वर्ष फेब्रुवारीत; त्याच्या तोंडावर शहाणा माणूस नोकरी सोडत नाही. वर्षभर शिव्या देतो, आणि बोनसच्या महिन्यात मॅनेजरच्या आईच्या तब्येतीची चौकशी करतो.

म्हणजे आता मार्चपर्यंत माझ्याकडे आहेत फक्त सणानंतरचे थोडे आठवडे. चार नावं मनात आपोआप जुळू लागली आहेत. सगळ्यात तरुण दोघं, आणि… पुढे लिहीत नाही.

१० फेब्रुवारी, मंगळवार

आज चूलदेवाला निरोप दिला. वर स्वर्गात जाऊन तो आमच्या घराचं वर्षभराचं सांगेल. त्याला गोड जरा जास्तच ठेवलं, इंजिनिअरचा विषय हलका करून सांगावा म्हणून.

मात्र एक मोठं काम उरकलं. नवीन वर्षाच्या सकाळी घरात पहिलं पाऊल कोणाचं, हे ठरवलं. जो पहिला आत येतो त्याचं नशीब वर्षभर घराला चिकटतं. गेल्या वर्षी मी आळस करून स्वतःच बाहेर जाऊन आत आलो, आणि त्याच महिन्यात कंप्रेसर बसला. यंदा जोखीम नको. विचार केला: फातच्या नावाचा अर्थ भरभराट. जन्म वाघाच्या वर्षातला, येणारं वर्ष घोड्याचं, मी कुत्र्याच्या वर्षातला. तिन्ही एकमेकांशी जमतात. आणि पगार गल्लीत सगळ्यात जास्त. दुकान शिकत असेल तर शिकू दे, पण त्याचं पाऊल आपल्या उंबऱ्यावर आधी पडू दे. थोडं नशीब इकडेच सांडेल.

पपनसाची जोडी घेऊन समोर गेलो. सोआनताई फुलून गेली. "अहो साउभाऊ, त्यात विचारायचं काय! आठ वाजता पाठवते, नवा शर्ट घालून."

फात आतून आला. ऐकलं आणि चेहरा वाफवलेल्या भातासारखा झाला.

"काका, मला वाटतं मला सर्दी होणार आहे."

"अजून आठवडा आहे."

"मग… आमच्या लांबच्या आजी वारल्यात. सुतकात पहिलं पाऊल चालत नाही."

"कोणती आजी?" सोआनताईने विचारलं.

"ती… लाँग अनची."

"ती काल माझ्याशी फोनवर तासभर भांडली! मेली असती तर बोलली असती की!"

मोठ्या पगाराची माणसं लाजाळू असतात. मी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि निघालो. गल्लीच्या तोंडाशी जाईपर्यंत ताईने आणखी तीन घरांना त्याच्या पावलाचा शब्द देऊन टाकला होता. पण पहिलं माझं.

१६ फेब्रुवारी, सोमवार

आज वर्षाचा शेवटचा दिवस. केळीच्या पानातला भात उकडतोय, दारातल्या पिवळ्या फुलांच्या झाडाने बरोबर आजच कळ्या फोडल्या. सगळं शुभ. फक्त लुआ सकाळपासून माझ्या मागे.

"बाबा, उद्या तुम्हीच टाका ना पहिलं पाऊल. कितीतरी लोक टाकतात."

"कंप्रेसर विसरलीस?"

"त्याचा पट्टा अकरा वर्षांचा होता, बाबा! पाऊल कुणाचंही असतं तरी तुटलाच असता."

"तू इंजिनिअर होतेयस, म्हणून तुला पट्टा दिसतो."

"बरं. समजा एखाद्या माणसाचं वर्ष वाईट गेलं असेल आणि तुम्ही त्याला बोलावलंत, तर त्याने काय करावं? नाही म्हणावं तर सगळ्यांना कळतं. हो म्हणावं तर तुमच्या घरात दुर्दैव आणल्याचं ओझं आयुष्यभर."

मी विचार केला. प्रश्न चांगला होता. "त्याने दाराशी येऊन खरं सांगावं. मग बघू."

"नक्की?"

"मी चोवीस तास खोटं ऐकतो, गिऱ्हाइकांचं आणि लोखंड विकणाऱ्यांचं. खरं बोलणाऱ्याला मी कधी हाकललंय का?"

ती लगेच फोन घेऊन गच्चीवर गेली. मैत्रिणीला शुभेच्छा द्यायला असेल.

१७ फेब्रुवारी, नव्या वर्षाचा पहिला दिवस

जसं घडलं तसं लिहितो, कारण उद्या मलाच खरं वाटणार नाही.

साडेसातलाच आम्ही कपडे करून बसलो. फाटक सताड उघडं. आठला फात आला. पांढरा शर्ट, केस चापून. फाटकापर्यंत आला आणि थांबला. पाऊल उचलेना. समोर सोआनताई आपल्या दारात उभी राहून हसत बघत होती.

"ये रे!" मी म्हटलं.

"काका, मी आत येऊ शकत नाही. मला जूनपासून नोकरी नाही. आमची लाइन बंद केली. तेव्हापासून सकाळी शर्ट घालून निघतो आणि दिवसभर भाड्याने स्कूटरवर सवाऱ्या नेतो. आईशी खोटं बोललो. सगळ्या गल्लीशी बोललो. पण तुमच्या उंबऱ्यावर वर्षाचं पहिलं पाऊल खोटं टाकवेना."

मी सोआनताईकडे पाहिलं. आता आभाळ कोसळणार. पण आज पहिला दिवस! आज ओरडायचं नाही, रडायचं नाही, काही फोडायचं नाही, नाहीतर वर्षभर तेच होतं. बिचारी दोन्ही हातांनी दाराची चौकट पकडून, दात आवळून, हसत राहिली. "असं का रे बाळा," ती गोड आवाजात म्हणाली. "छान हो. सणाचे तीन दिवस सरू दे, चौथा उजाडू दे, मग बघते तुला."

माझ्या डोक्यात मात्र वेगळंच चक्र फिरत होतं. आठ महिने! म्हणजे मी ज्याला शेजारी बसवून लोकांच्या मुलाखती घेत होतो, तोच नोकरी शोधत होता. दुपारचं जेवण धरून! मी हसलो होतो. तेवढं एक आठवून कानाच्या पाळ्या गरम झाल्या.

इतक्यात काठीची टकटक ऐकू आली. गल्लीच्या टोकाकडून बुंग आजोबा येत होते. माणूस देवाचा, पण कोळंबीची दोन तळी बुडाली, लॉटरीचं दुकान जळलं, आणि झुंजीत पैसे लावलेला कोंबडासुद्धा कधी जिंकला नाही. दुसऱ्या दिवसापासून ते सगळ्यांना आवडतात. पहिल्या दिवशी सगळी गल्ली दारं लोटून घेते. आजोबांनी उघडं फाटक पाहिलं आणि लांबूनच हात हलवला. "साउ! चहा झाला का रे?"

क्वेन आतून कुजबुजली, "काहीतरी करा!"

फाटक लावावं तर फातच्या तोंडावर लागतं. मी उंबऱ्याच्या आत, तो बाहेर. मी म्हटलं, "नोकरी नाही ना? मग मी देतो. आता तू नोकरदार. ये आत."

"काका, मी नोकरी मागायला नाही आलो."

"मी द्यायला आलोय. एक कोटी चाळीस."

"बाबा!" मागून लुआ. "दीडच्या खाली अनुभवी माणूस मिळत नाही, तुम्हीच दोन महिने बघितलंत."

"दीड!"

काठी तीन घरांवर आली. आणि हा मुलगा, सगळ्या जगाची घाई माझ्या अंगावर असताना, शांतपणे म्हणतो, "सहीसाठी नुसतं नाव हवं असेल तर मी नाही येणार. हिशेब मी करणार. चुकीचं दिसलं तर सही नाही, तुम्ही सांगितलंत तरी नाही."

"कबूल! ये!"

"आणि डाउकाकांपेक्षा मला जास्त नको. ते मला शिकवतायत."

"त्याला एक कोटी साठ आहेत. घे साठ!"

"एक कोटी सत्तर," लुआ म्हणाली. "दोघांनाही. जपानी लोक त्या साच्याचे किती देतात ते मी बिलात पाहिलंय."

"तू कोणाच्या बाजूची आहेस गं?"

"इंजिनिअरांच्या."

काठी शेजारच्या घरासमोर. आजोबा म्हणाले, "आलोच बरं का!"

"एक कोटी अडुसष्ट!" मी ओरडलो. सहा आणि आठ, दोन्ही शुभ आकडे, आणि सत्तरपेक्षा दोन लाख कमी. "दोघांनाही! दुपारचं जेवण धरून! शेवटचं!"

फातने लुआकडे पाहिलं. लुआने मान हलवली. तेव्हा कुठे त्याने पाऊल उचललं, उंबरा ओलांडला, दोन्ही हात जोडून उभा राहिला आणि म्हणाला, "काका, काकू, यंदा तुमच्या घरात भरभराट होवो, तब्येती ठणठणीत राहोत, आणि पगार वेळेवर होवोत."

शेवटची शुभेच्छा कोणासाठी होती ते मी विचारलं नाही. त्याच्या मागोमाग बुंग आजोबा आत आले. आता त्यांना कोण अडवतंय! दोन पेले चहा प्यायले आणि म्हणाले, या गल्लीत एवढं प्रेमाने कोणी कधी मला पहिल्या दिवशी बसवलं नाही. सोआनताई भाताचं ताट घेऊन आली, तेही हसतच. तिचे जबडे दुखले असतील.

२२ फेब्रुवारी, रविवार

पंचांग बघून आज दुकान उघडलं. डाउला पगारवाढ सांगितली. त्याने हातातल्या फडक्याची घडी केली, उलगडली, पुन्हा केली. मग म्हणाला, "तो पोरगा कुठेय? त्याला चहा पाजायचाय."

पोरगा टेबलावर शिमोकावासाहेबांच्या साच्याचं ड्रॉइंग पसरून बसला होता. हा साचा मी वर्षानुवर्षं बनवतो, माझ्या हाताने पहिला बनवला. पेन त्याच्यापुढे ठेवून म्हटलं, "कर सही. मुहूर्त आहे."

त्याने केली नाही. सगळ्या दुकानासमोर म्हणाला, "काका, हा कोपरा पातळ आहे. रोजचा दाब धरला तर इथून तडा जातो. दोन मिलिमीटर जाड करा, मग करतो."

माझ्या दुकानात, मुहूर्ताच्या दिवशी, मला नाही म्हणायला मी महिन्याला एक कोटी अडुसष्ट लाख देतोय! मी डाउकडे पाहिलं, म्हटलं आता हा माझ्या बाजूने बोलेल. डाउ छताकडे बघत होता. मग त्यानेच मागच्या फळीवरून गिऱ्हाइकांकडून परत आलेले जुने साचे काढले. दोन चिरलेले होते, दोन्ही त्याच कोपऱ्यात. नीट वापरले नसतील असं म्हणून मी ते तिथे टाकले होते.

दुपारपर्यंत ड्रॉइंग बदललं. फातने सही केली. कोपऱ्यात नाव आलं, खाली तारीख. चौघांपैकी कोणालाही घरी बसवायचं नाही, हे तिथेच मनात पक्कं झालं, आणि त्या दोन तरुण पोरांकडे मी उगाचच जास्त वेळ बघितलं. ती घाबरली.

संध्याकाळी क्वेनला सगळं सांगितलं. कोपऱ्याचं, सहीचं, तड्याचं. ती म्हणाली, "चला, घरातलाच इंजिनिअर झाला म्हणायचा."

मी म्हटलं, "घरातला कसला? पैसे मोजतोय त्याला."

"वर्षभर मोजा," ती म्हणाली. "मग बघू."

काय बघायचंय ते मात्र सांगितलं नाही. लुआला विचारलं, तर ती पाणी आणायला आत गेली आणि बराच वेळ आली नाही.